कंपनीचा माणूस म्हणून हार्डवेअरवाल्यांच्या ग्रुपवर जायचंय? आधी ऑफिसातली कामं उरका

मागच्या महिन्यात एका ओळखीच्या पोराचा फोन आला. म्हणे दादा, कंपनीने नवीन रोल दिलाय, कम्युनिटी मॅनेजर, सोमवारपासून रेडिट, टेकएन्क्लेव्ह (कम्प्युटर हार्डवेअरवाल्यांचा फोरम) आणि दोन-चार टेलिग्राम ग्रुपवर जाऊन बसायचंय आणि ब्रँडबद्दल पॉझिटिव्ह वातावरण करायचंय. मी विचारलं, तुमच्याच सर्व्हिस सेंटरला तू आत्ता फोन केलास तर उचलतं कोण? तो गप्प. म्हटलं मग सोमवार विसर, आधी ते बघ.

मी दोन्हीकडे राहिलोय. आधी पाच-सहा वर्षं एका ग्रुपचा मॉड (मॉडरेटर) होतो, म्हणजे कंपन्यांच्या माणसांना हाकलणारा, आणि नंतर साडेतीन वर्षं एका कंपनीचा माणूस, म्हणजे शिव्या खाणारा. कंपनीचं नाव घेत नाही, अजून मित्र आहेत तिथे. त्या पोराला तासभर फोनवर जे सांगितलं तेच जरा नीट लिहितोय, कारण मार्केटिंगवाले जी पीपीटी हातात देतात तिच्यात ह्यातलं एक अक्षर नसतं.

पायरी १: अकाउंट उघडायच्या आधी ऑफिसात चार माणसं धरा

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला, बाकीचं पडत-झडत शिकता येतं. ऑफिसातल्या लोकांना वाटतं की ग्रुपवरचा माणूस कंपनीचं म्हणणं बाहेर पोचवतो. त्याची तिथे कुणाला गरज नाही, वेबसाइटवर ते वाचता येतं. ग्रुपवरच्या लोकांना तुमच्याकडून एकच गोष्ट हवी असते, माझं अडकलेलं काम हा माणूस आत जाऊन हलवतो का. हलवत असाल तर तुम्ही उशिरा उत्तर दिलं, थोडं तुटक बोललात, तरी चालून जातं, आणि हलवत नसाल तर कितीही गोड बोला, तिसऱ्या आठवड्यात तुमच्या पोस्टखाली पॉपकॉर्नचे जीआयएफ सुरू.

तर चार माणसं. पहिला आरएमएवाला, म्हणजे वॉरंटीत परत आलेला माल बघणारा, आणि त्याचा मॅनेजर नव्हे, जो खरंच टेबलवर ग्राफिक कार्ड उघडून बघतो तो. मॅनेजर तुम्हाला टक्केवारी सांगेल, टेबलवाला सांगेल की ह्या मॉडेलचे पंखे आठ महिन्यांत आवाज करायला लागतात. दुसरा, बायोस आणि फर्मवेअरबद्दल (बोर्डातच बसवलेलं, त्याला चालू करणारं सॉफ्टवेअर) तैवानला मेल टाकणारा, आमच्याकडे असा अख्ख्या ऑफिसात एकच होता आणि कायम वैतागलेला असायचा. तिसरा, कुठला स्टॉक कुठल्या डिस्ट्रिब्युटरकडून आलाय हे ज्याला पाठ आहे तो. आपल्याकडे वॉरंटी बऱ्याचदा ब्रँड स्वतः बघत नाही, डिस्ट्रिब्युटर बघतो, त्यामुळे माणसाने लॅमिंग्टन रोडवरून कार्ड घेतलेलं असतं, बिघडलं की दुकानदार म्हणतो सर्व्हिस सेंटरला जा, सर्व्हिस सेंटर म्हणतं हा सिरियल नंबर आमचा नाहीच, आणि तो बिचारा तिसऱ्या चकरेनंतर ग्रुपवर येऊन तुमच्या नावाने शंख करतो. अशा वेळी सिरियल बघून पाच मिनिटांत 'हा माल अमुक डिस्ट्रिब्युटरचा, तमुक सेंटरला न्या' एवढं सांगता आलं तरी अर्धी लढाई जिंकली. चौथा लीगलमधला कुणीतरी, जो शनिवारी संध्याकाळी व्हॉट्सॲप बघतो.

मग बॉसकडून एक गोष्ट मेलवर लिहून घ्या: महिन्याला किती केसेस मी माझ्या अधिकारात पास करू शकतो. वॉरंटी संपून दहा दिवस झालेत, बिलावरची शाई उडालीये, बॉक्स हरवलाय, अशा केसेस. मला पाच मिळाल्या होत्या. पाच म्हणजे काय होणार असं वाटतं ना, पण त्या पाचातला प्रत्येक जण पुढे दोन वर्षं तुमच्या बाजूने ग्रुपवर भांडतो, आणि फुकट भांडतो.

अजून एक काम, स्पेसिफिकेशनचा कागद आला की तो मार्केटिंगवर विश्वास ठेवून पोस्ट करू नका, इंजिनिअरकडून एकदा वाचून घ्या. एनव्हिडियाच्या जीटीएक्स ९७० ह्या ग्राफिक कार्डचं आठवत असेल. सप्टेंबर २०१४ मध्ये कार्ड आलं, जानेवारी २०१५ पर्यंत लोकांनीच टेस्ट करून करून शोधलं की ४ जीबी मेमरीतला शेवटचा अर्धा जीबी हळू चालतो. मग एनव्हिडियाने मान्य केलं की रिव्ह्यूवाल्यांना दिलेल्या कागदात ६४ आरओपी (पिक्सेल शेवटी काढणारे युनिट) आणि २ एमबी एल२ कॅश (चिपमधली झटपट मेमरी) लिहिलं होतं, प्रत्यक्षात होते ५६ आणि १.७५ एमबी, आणि कारण काय सांगितलं तर इंजिनिअरिंग आणि टेक्निकल मार्केटिंगचं आपसात नीट बोलणं झालं नाही. अमेरिकेत पुढे कार्डामागे ३० डॉलर देऊन प्रकरण मिटवावं लागलं. कार्ड तसं झकास होतं हो, मी स्वतः चार वर्षं वापरलं. पण त्या जानेवारीत कंपनीकडून लोकांसमोर बसलेल्या माणसाच्या हातातही तोच चुकीचा कागद असणार, त्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा.

पायरी २: मॉडला विचारून या, आणि कंपनीचं नाव कपाळावर लावून या

थेट अकाउंट काढून पोस्ट टाकायची नाही. आधी मॉडना मेसेज करा, कंपनीच्या मेल आयडीवरून एक मेल पाठवून ओळख पटवा, ते नावापुढे बिल्ला देतील तो लावा. युजरनेममध्येच कंपनीचं नाव असलं तर उत्तम. स्वतःचं जुनं अकाउंट असेल तर ते गेम, क्रिकेट, राजकारण ह्यासाठी ठेवा आणि त्यावरून कंपनीच्या मालाबद्दल अवाक्षर काढू नका.

लपून यायचा मोह होतोच. मी मॉड असताना एक नवा मेंबर आला, आल्या आल्या एका एसएमपीएसची (पीसीच्या पॉवर सप्लायची) आरती सुरू, म्हणे कालच दुकानातून घेतला, काय सायलेंट आहे वगैरे, आणि पुरावा म्हणून बॉक्सचे चार फोटो. आमच्यातल्या एकाने फोटो झूम केला आणि फक्त एवढंच विचारलं, 'भाऊ, एमआरपीचं स्टिकर कुठंय?' आता इम्पोर्टेड माल दुकानात येतो तेव्हा बॉक्सवर इम्पोर्टरचं नाव-पत्ता आणि एमआरपीचं ते पांढरं स्टिकर असतंच, आणि ह्याच्या बॉक्सवर चारी बाजूंनी काहीच नाही, म्हणजे सॅम्पल पीस, म्हणजे हा कंपनीचाच. वीस मिनिटांत सापडला. त्या ब्रँडचा एसएमपीएस खरंतर बरा होता, पण त्यानंतर वर्षभर कुणी त्याचं नाव काढलं की खाली कुणीतरी लिहायचंच, 'स्टिकर कुठंय?'

हे नुसतं इज्जतीचं प्रकरण नाही. तैवानमध्ये २०१३ साली सॅमसंगला तिथल्या फेअर ट्रेड कमिशनने १ कोटी तैवान डॉलरचा दंड केला होता, माणसं लावून ऑनलाइन स्वतःची स्तुती आणि स्पर्धक एचटीसीची निंदा करवून घेतली म्हणून. आपल्याकडेही जून २०२२ पासून सीसीपीएच्या (केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या) गाइडलाइन्स आहेत, स्तुती करणाऱ्याचा कंपनीशी संबंध असेल तर तो सांगावा लागतो, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्यांदा १० लाखांपर्यंत आणि परत केलं तर ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. हे बॉसला दाखवा, 'दोन-चार फेक अकाउंट काढू या का' हा प्रश्न तिथेच मरतो. आणि ऑफिसात सगळ्यांना एक मेल टाका की उत्साहाच्या भरात घरच्या अकाउंटवरून कुणी आपल्या मालाची स्तुती करायची नाही. माझ्या वेळेला सेल्सच्या एका पोराने हे केलं, चांगल्या मनाने केलं, आणि निस्तरलं मी.

पायरी ३: दोन-तीन आठवडे नुसतं वाचा

कोण जाणता आहे, कोण नुसता आवाज करतो, कुणाची कुणाशी जुनी खुन्नस आहे ते कळू द्या. एसएमपीएसच्या टियर लिस्टमध्ये (चांगल्यापासून वाईटापर्यंत लावलेल्या यादीत) तुमचं मॉडेल तळाला दिसेल, वाद घालू नका, ती कोण बनवतं आणि कुठल्या टेस्टवरून बनवतं ते बघा, आणि ती टेस्ट आपल्या इंजिनिअरला पाठवा. इथल्या माणसांना हौशी समजू नका. पॉवर सप्लाय फाडून-उघडून रिव्ह्यू करणारा जॉनीगुरू, म्हणजे जॉन गेरो, पुढे पॉवर सप्लाय विकणाऱ्या कॉर्सेअरमध्येच गेला, टेक रिपोर्ट ह्या रिव्ह्यू साइटचा स्कॉट वॉसन एएमडीमध्ये गेला. आज जो तुमच्या व्हीआरएमवर (चिपला नेमकी वीज पुरवणाऱ्या भागावर) टीका करतोय तो उद्या तुमचा बॉस असू शकतो, हे मी गमतीत म्हणत नाहीये.

पायरी ४: पहिली पोस्ट

छोटी ठेवा, लोगो-बॅनर काही नको. माझी साधारण अशी होती:

'नमस्कार. मी अमुक कंपनीत आहे, मॉडनी खात्री केलीये. मदरबोर्ड आणि ग्राफिक कार्डची वॉरंटी अडकली असेल तर मी बघू शकतो. लॅपटॉप माझ्याकडे नाहीत, तिकडचं मला काही कळत नाही. किंमत आणि नवीन लाँच ह्यावर बोलायची मला परवानगी नाही, विचारू नका. सोमवार ते शनिवार सकाळी अकरा ते संध्याकाळी सात, त्यानंतर उत्तर आलं नाही तर मी झोपलेलो किंवा जेवतोय.'

काय जमत नाही ते पहिल्याच दिवशी लिहिलं की नंतरची बरीच भांडणं वाचतात. खाली पहिली कमेंट काय आली, 'किती दिवस टिकतोय बघू.' त्याला लाइक केलं आणि पुढे गेलो.

पायरी ५: तक्रार आली

आता खरं काम. नाशिकच्या एका मेंबरची पोस्ट जशीच्या तशी डोळ्यांसमोर आहे: 'बोर्ड भंगार आहे, एक्सपो ऑन केलं की पीसी बूटच होत नाय, पैसे पाण्यात.' एक्सपो म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवायचं बायोसमधलं सेटिंग. ह्या पोस्टला ऑफिसने दिलेलं तयार उत्तर असं होतं, 'प्रिय ग्राहक, आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत, कृपया आपला मोबाइल नंबर डीएम करा.' हे वाचून माणूस शांत होत नाही, अजून पेटतो, कारण त्याने एक्सपो लिहिलंय आणि तुम्ही गैरसोय वाचलीये.

मी लिहिलं: 'बायोस कुठलं आहे ते सेटअपच्या पहिल्याच स्क्रीनवर दिसेल, तेवढं सांगा. रॅमच्या स्टिक दोन की चार? चार असतील तर दोन काढा, उरलेल्या दोन प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा. एक्सपो ऑन केल्यावर स्क्रीन काळी राहते तेव्हा किती वेळ थांबलात?' त्याचं उत्तर, 'थांबायचं कशाला, तीस-चाळीस सेकंद झाले की बंद करतो.' झालं. डीडीआर५ च्या बोर्डवर रॅमचं सेटिंग बदललं की मेमरी ट्रेनिंग होतं, म्हणजे बोर्ड रॅमशी जुळवून घेतो, पहिल्या वेळेला काही मिनिटं स्क्रीन काळीच राहू शकते, आणि हा पठ्ठ्या दर वेळी मधेच बटण दाबून सगळं पहिल्यापासून सुरू करायचा. म्हटलं दहा मिनिटं हात लावू नका, चहा करून या. तो आला आणि लिहिलं, 'चहा उकळायच्या आधी बूट झाला.' बोर्डच्या मॅन्युअलमध्ये ही एक ओळ ठळक छापा म्हणून मी आत मेल टाकला, त्याला तीनदा आठवण केली, चौथ्या वेळी बॉक्समध्ये एक छोटी पिवळी चिठ्ठी यायला लागली. त्या चिठ्ठीने माझ्या सगळ्या पोस्टींपेक्षा जास्त काम केलं.

एवढ्यात न सुटणारी केस असेल तर काय करायचं. सिरियल नंबर, बिल, पत्ता, फोन हे सगळ्यांसमोर कधीच मागू नका, कुणी बिलाचा फोटो टाकलाच तर मॉडला सांगून आधी काढायला लावा. खासगीत घ्या, पण तिथेच गायब होऊ नका, उघड्यावर एक ओळ ठेवा, 'केस घेतली, शुक्रवारपर्यंत काय झालं ते इथेच लिहितो,' आणि शुक्रवारी काही झालेलं नसेल तरी येऊन लिहा की काही झालेलं नाही. ह्याचीच लाज वाटते लोकांना, मलाही वाटायची. पण वाचणारे शंभर जण त्या शुक्रवारचीच वाट बघत असतात. मी एक साधी एक्सेल ठेवली होती, युजरनेम, मॉडेल, सिरियल, कुठे अडकलंय, पुढची तारीख. रोज सकाळी चहाआधी ती उघडायची.

आणि नियमात बसत नसेल तर सरळ नाही म्हणा. सॉकेटच्या पिना वाकल्यात, फोटोत दिसतायत, तर 'बघतो, प्रयत्न करतो' म्हणून आठवडा लटकवू नका. 'हे वॉरंटीत बसत नाही, पैसे देऊन दुरुस्ती होते का ते विचारून उद्या सांगतो' असं लिहिलं की माणूस चिडतो, पण फसवलं म्हणत नाही.

पायरी ६: मालातच खोट निघाली तर

दोन-तीन वेगवेगळ्या मेंबरची एकसारखी तक्रार आली की तुमच्या पोटात गोळा यायला पाहिजे. त्याच दिवशी आत कळवा, फोटोंसकट, बॅच नंबरसकट. आतून उत्तर येईपर्यंत ग्रुपवर 'युजरची चूक असेल' हे वाक्य हात बांधून ठेवा पण लिहू नका. वेस्टर्न डिजिटलचं एप्रिल २०२० मध्ये हेच झालं. नॅससाठी (नेटवर्कवर जोडलेल्या स्टोरेज पेटीसाठी) म्हणून विकल्या जाणाऱ्या 'रेड' नावाच्या हार्ड ड्राइव्हपैकी २ ते ६ टीबीच्या काही मॉडेलमध्ये एसएमआर (डेटाचे पट्टे एकमेकांवर चढवणारी, लिहायला हळू पडणारी पद्धत) वापरलंय हे सांगितलंच नव्हतं, बिघडलेली ड्राइव्ह बदलून डेटा परत बसवताना (आरएआयडी रीबिल्ड) लोकांचं काम लटकायला लागलं तेव्हा बाहेर आलं, आणि कंपनीच्या पहिल्या उत्तराचा सूर असा की तुमचं काम जड असेल तर आमची वरची महागडी ड्राइव्ह घ्या. आगीत तूप. काही दिवसांत कुठल्या मॉडेलमध्ये एसएमआर आहे त्याची यादी द्यावीच लागली आणि पुढे सीएमआरवाल्या (पट्टे एकमेकांवर न चढवणाऱ्या) ड्राइव्हना रेड प्लस असं वेगळं नाव दिलं. ती यादी पहिल्या दिवशी दिली असती तर?

उलटं उदाहरण ईव्हीजीएचं. २०१६ मध्ये त्यांच्या जीटीएक्स १०७० आणि १०८० च्या काही कार्डांचा व्हीआरएम जास्त तापतोय म्हणून बोंब झाली, तर त्यांनी थर्मल पॅड फुकट पाठवले आणि पंख्याचा वेग वाढवणारं बायोस दिलं. आज ती कंपनी ग्राफिक कार्ड बनवतही नाही, २०२२ मध्येच बाहेर पडली, पण जुनी माणसं अजून हळहळतात.

निर्णय चुकला असेल आणि कंपनी तो बदलत असेल तर तसंही उघड सांगता येतं. एएमडीने ७ मे २०२० ला सांगितलं की पुढचे झेन ३ प्रोसेसर बी४५० आणि एक्स४७० बोर्डवर चालणार नाहीत, बायोसच्या चिपमध्ये जागा कमी पडते म्हणून, आणि लोकांनी असा गदारोळ केला की १९ मेला ते म्हणाले ठीक आहे, बीटा बायोसने सपोर्ट देऊ. बारा दिवस. ह्यात ग्रुपवरच्या माणसाचं काम काय, तर 'लोक नाराज आहेत' एवढं आत सांगणं नाही. किती जणांनी फक्त पुढच्या अपग्रेडच्या भरवशावर बी४५० घेतलाय, बोर्डच्या बॉक्सवर नेमकं काय छापलंय, हे पुराव्यासकट टेबलावर ठेवणं.

वॉरंटीच्या भाषेत तर एकेक शब्द लीगलकडून तपासून घ्या, आणि लीगलने लिहिलेलं परत ग्राहकाच्या नजरेने वाचा. एप्रिल २०२३ मध्ये रायझन ७०००एक्स३डी जळायला लागले तेव्हा असूसने व्होल्टेज कमी करणारं बीटा बायोस दिलं, आणि त्याच पानावर नेहमीची छापील ओळ, बीटा वापरलंत तर वॉरंटी जाऊ शकते. म्हणजे प्रोसेसर वाचवायला औषध द्यायचं आणि वर लिहायचं औषध घेतलंत तर जबाबदारी तुमची! मे महिन्यात त्यांना जाहीर करावं लागलं की ते बीटा बायोस आणि एक्सपो दोन्ही वॉरंटीत धरलं जाईल.

आणि जे सांगायचं ते एकदाच सगळं सांगा. जुलै २०२४ मध्ये इंटेलने १३व्या आणि १४व्या जनरेशनच्या प्रोसेसरबद्दल सांगितलं की चुकीच्या मायक्रोकोडमुळे (प्रोसेसरच्या आतल्या कोडमुळे) व्होल्टेज जास्त जातंय, आणि काही सुरुवातीच्या १३व्या जनरेशनमध्ये व्हाया ऑक्सिडेशनचाही (चिपच्या आतल्या जोडण्या गंजण्याचा) प्रॉब्लेम होता ही गोष्ट मात्र रेडिटवर वेगळी बाहेर आली. मग लोकांनी विचारलं, अजून काय काय राहिलंय सांगायचं? ऑगस्टमध्ये वॉरंटी दोन वर्षं वाढवली, जी चांगलीच गोष्ट होती, पण तोवर लोक प्रत्येक ओळ दोनदा वाचायला लागले होते.

पायरी ७: तारीख देऊ नका

ही माझी चूक. एका बोर्डवर स्लीपमधून उठताना यूएसबी जायचं, मी फर्मवेअरवाल्याला विचारलं, तो म्हणाला 'होईल पुढच्या आठवड्यात', आणि मी तसंच ग्रुपवर लिहून टाकलं. तिकडे तैवानमध्ये टेस्टिंगमध्ये काहीतरी सापडलं आणि बायोस आलं सात आठवड्यांनी. सातही सोमवारी सकाळी नऊला एक मेंबर मला टॅग करून फक्त लिहायचा, 'गुड मॉर्निंग सर 🌞'. शिवी नाही, तक्रार नाही, काही नाही. चौथ्या सोमवारपासून माझा रविवार खराब व्हायला लागला. तेव्हापासून मी टप्पा सांगायचो, 'टेस्टिंगमध्ये आहे, पुढचं कळलं की लिहितो', तारीख फाइल हातात आल्याशिवाय नाही.

उरलेलं पटापट. दुसऱ्या ब्रँडबद्दल बोलू नका, त्यांचं कार्ड जळलं तरी नाही, उद्या तुमचं जळेल. रिव्ह्यूसाठी सॅम्पल देत असाल तर काय लिहायचं ते सांगू नका, डिसेंबर २०२० मध्ये एनव्हिडियाने हार्डवेअर अनबॉक्स्ड ह्या यूट्यूब चॅनलला तुम्ही रे ट्रेसिंगवर (गेममधल्या प्रकाशाच्या फीचरवर) पुरेसं बोलत नाही म्हणून रिव्ह्यूसाठी कार्ड देणं बंद करतोय असा मेल टाकला आणि काही दिवसांत माफी मागून मागे घ्यावा लागला. गिव्हअवे करायचा तर सहा महिन्यांनी, आधी केला की फुकटे जमतात आणि कामाची माणसं निघून जातात. रात्री भांडू नका. शिव्यांना उत्तर नको, पण शिवीच्या मागे खरा मॉडेल नंबर असेल तर फक्त त्या मॉडेल नंबरला उत्तर द्या.

आणि नोकरी सोडताना गुपचूप गायब होऊ नका. मी निघालो तेव्हा एक्सेलमध्ये अकरा केसेस उघड्या होत्या. शेवटच्या पोस्टमध्ये नवीन मुलीचं युजरनेम दिलं, मॉडकडून तिला बिल्ला लावून घेतला, अकराही जणांना मेसेज करून सांगितलं की तुमची केस आता हिच्याकडे. तिने पहिल्या दिवशी स्वतःची ओळख वगैरे लिहिलीच नाही, थेट एका जुन्या पोस्टखाली जाऊन लिहिलं, 'तुमचं कार्ड काल ठाण्याच्या सेंटरवरून निघालंय, ट्रॅकिंग नंबर डीएम केलाय.' खाली त्याच सोमवारवाल्या मेंबरचा लाइक होता.